पालखीतला राजा आणि पालखीचे भोई

देवळाच्या सभामंडपात पुराण ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांस नहुषाची कथा नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. इंद्र लपून बसला, स्वर्गाचे सिंहासन ओस पडले, तेव्हा देवांनी आणि ऋषींनीच या मानवी राजाला विनवून त्या पदावर बसविले व आपले तेज त्याला दिले. पुढे तो उन्मत्त झाला, शचीची अभिलाषा धरू लागला, ऋषींच्या खांद्यावर पालखी देऊन निघाला, अगस्त्यांना लाथ मारली आणि सर्प होऊन खाली पडला. ही कथा ऐकताना आपण नहुषाच्या उन्मादाला हसतो व त्याच्या पतनाने समाधान पावतो. परंतु ज्यांनी त्याला बसविले आणि ज्यांनी त्याची पालखी वाहिली, त्यांचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. नोव्हायोलेट बुलावायो या झिंबाब्वेत जन्मलेल्या लेखिकेची ‘ग्लोरी’ ही इंग्रजी कादंबरी (२०२२) वाचताना हाच विचार आम्हांला वारंवार अडवीत राहिला.

कादंबरी कोणावर आहे हे लपविण्याचा लेखिकेने फारसा यत्न केलेला नाही. रॉबर्ट मुगाबे यांचा जन्म १९२४ सालचा, कुटामा येथील मिशनच्या परिसरातला. बाप सुतारकाम करणारा, तो कुटुंब सोडून गेलेला. मुलगा पुस्तकांत बुडालेला, पुढे शिक्षक झालेला. १९६४ पासून १९७४ पर्यंत गोऱ्या राजवटीने त्यांना बंदिवासात ठेवले. तेथे त्यांनी पत्रद्वारा परीक्षा देऊन पदव्या मिळविल्या. १९६६ साली त्यांचा लहानगा मुलगा घानामध्ये वारला, तेव्हा अंत्यविधीसाठी जाण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही. सुटका झाल्यावर १९७५ साली ते सरहद्द ओलांडून मोझांबिकमध्ये गेले. ज्या पोर्तुगीज सत्तेतून गोवा १९६१ साली मुक्त झाला, त्याच सत्तेतून मोझांबिक १९७५ साली बाहेर पडला. कित्येक गोवेकर घराण्यांना परिचित असलेल्या त्या भूमीवरूनच मुगाबे यांच्या सैनिकांनी ऱ्होडेशियाशी लढा दिला. १९८० च्या निवडणुकीत आफ्रिकी मतदारांसाठी असलेल्या ८० जागांपैकी ५७ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला, तेव्हा त्या सोहळ्यास आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. कालच्या शत्रूला मित्र म्हणून जवळ करण्याची भाषा या नव्या पंतप्रधानांनी तेव्हा उच्चारली आणि जगाने त्यांच्या गळ्यात हार घातले. देवांनी तेज दिले ते हे.

पुढची कहाणीही सर्वश्रुत आहे. शाळा व दवाखाने वाढले, हे खरे. पण त्याच वेळी, १९८३ पासून, उत्तर कोरियाकडून शिकवून आणलेली पाचवी ब्रिगेड माताबेलेलँडात शिरली. प्रतिस्पर्धी नेते जोशुआ न्कोमो यांचे पाठीराखे म्हणून एन्देबेले भाषिक खेड्यांतील माणसे मारली गेली. मृतांचा आकडा दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत सांगितला जातो. या मोहिमेचे नाव होते ‘गुकुराहुंडी’. शोना भाषेत त्याचा अर्थ भुसा-पाचोळा वाहून नेणारा पहिला पाऊस. मृगाच्या सरींची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव ऐकून अंगावर काटा आल्यावाचून राहत नाही. १९८७ च्या अखेरीस मुगाबे सर्वाधिकारी अध्यक्ष झाले. २००० नंतर गोऱ्यांच्या शेतजमिनी बळाने घेण्यात आल्या, शेती ढासळली, चलन कोसळले आणि २००९ च्या जानेवारीत शंभर लाख कोटी डॉलरांची एकच नोट छापण्याची पाळी आली. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच सैन्याने त्यांना घरात कोंडले. २१ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला आणि २०१९ साली सिंगापूरच्या रुग्णालयात, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

लेखिकेने ही सारी कथा जिदादा नावाच्या कल्पित देशात आणि पशूंच्या मुखाने सांगितली आहे. राष्ट्रपिता म्हणजे एक जराजर्जर घोडा. त्याची महत्त्वाकांक्षी पत्नी गाढवी. त्याला बाजूला सारून गादीवर येणारा तूवी हाही घोडाच. आणि राज्याचे रक्षक म्हणविणारे सैनिक म्हणजे कुत्रे. ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’शी याचे नाते उघड आहे. परंतु ज्यांच्या घरी पंचतंत्र आहे त्यांना पशूंनी राजनीती बोलण्यात नवल ते काय? म्हणूनच या योजनेची परीक्षा आपण अधिक कसून करू शकतो.

पंचतंत्रातील पशूला त्याचा स्वभाव जन्मतः मिळालेला असतो. सिंह बलवान पण कानाचा हलका, कोल्हा धूर्त. कथेच्या आरंभी जो जसा असतो तसाच तो शेवटी उरतो. नीतिकथेला हे शोभते, कारण तिला स्वभाव ओळखायला शिकवायचे असते. मुगाबे यांच्या चरित्राचे मर्म मात्र नेमके याच्या उलट आहे. तुरुंगात आपल्या सोबत्यांना शिकविणारा शिक्षक खेडी जाळणाऱ्या सेनेचा धनी कसा झाला, हा तेथला प्रश्न आहे. कादंबरी उघडते तेव्हा घोडा आधीच म्हातारा, विसरभोळा व हास्यास्पद झालेला आहे. त्याची उमेद, त्याचा त्याग, पुत्रशोक गिळून बसलेले त्याचे मन, यांचे दर्शन आपल्याला जवळजवळ होतच नाही. ज्याचा उत्कर्ष पाहिला नाही त्याचे पतन पाहून हसू येते, पण काळीज हलत नाही. या कृतीचा हा मोठा दोष होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्यासांनी नहुषाला आधी धर्मशील राजा म्हणून उभे केले, म्हणूनच त्याचे पडणे आपल्याला भिवविते.

मात्र येथेच थांबलो तर लेखिकेवर अन्याय होईल. ग्रंथाचे खरे बळ राजवाड्यात नाही. डेस्टिनी नावाची एक शेळी अनेक वर्षांच्या परागंदा जीवनानंतर आपल्या आईकडे, सिमिसोकडे, परत येते. आईने आयुष्यभर न उच्चारलेली १९८३ ची हकीगत हळूहळू तिच्या तोंडून बाहेर पडते आणि उपहासाचा सूर एकाएकी मावळतो. आतापर्यंत ज्या कुत्र्यांच्या बेफाम वागण्याला आपण हसत होतो, तेच कुत्रे एका अंगणात शिरून काय करून गेले हे कळते, तेव्हा आपल्याच हसण्याची आपल्याला लाज वाटते. मुलगी ते सारे लिहून काढते. मृतांना नावे मिळतात. श्राद्धपक्षात आपण नाव-गोत्र उच्चारून ज्यांना तर्पण करतो त्यांच्या संदर्भात नाव म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांचे नाव घेण्यासही भय वाटावे अशा मृतांचे हे तर्पण आहे.

भाषेचा विशेषही असाच सांगण्याजोगा. ‘थोलुकुथी’ हा एन्देबेले शब्द पानोपानी येतो. त्याचा आशय साधारणतः ‘पाहतो तो काय’ असा आहे. आरंभी तो खटकतो. पण हे पुस्तक मोठ्याने वाचावे, म्हणजे कळते की कीर्तनकार मध्येच श्रोत्यांकडे वळून त्यांना कथेत ओढून घेतो, तेच काम हा शब्द करीत आहे. कथा एकाची नव्हे, सभामंडपातल्या सर्वांची आहे, ही जाणीव त्यातून जागी राहते. तथापि पुनरुक्तीला मर्यादा असावी. मधला बराच भाग आटोपशीर केला असता तर ग्रंथ अधिक तेजस्वी झाला असता.

शेवटाविषयी आमचे मन द्विधा आहे. लेखिकेने प्रजेला उठविले आहे. भय टाकून पशू एकत्र येतात आणि तूवीचीही सत्ता उलथून पडते. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. २०१७ साली रस्त्यांवर नाचणाऱ्या लोकांनी ज्यांचे स्वागत केले ते एमर्सन म्नान्गाग्वा, माताबेलेलँडातील हत्यांच्या काळी राज्याच्या सुरक्षा खात्याचे मंत्री होते. त्या पाचव्या ब्रिगेडचे सेनापती पेरन्स शिरी त्यांच्या मंत्रिमंडळात आले. १ ऑगस्ट २०१८ रोजी हरारेच्या रस्त्यावर सैनिकांच्या गोळ्यांनी सहाजण मेले. पालखीतला राजा बदलला, भोई तेच राहिले. मग हा सुखान्त म्हणजे मनाची समजूत नव्हे काय? आम्हांला प्रथम तसेच वाटले. पुन्हा विचार करता आपल्या व्रतकथांच्या अखेरीस येणारी फलश्रुती आठवली. फलश्रुती घडलेले सांगत नाही. ऐकणाऱ्याने काय मागावे ते सांगते. परंतु व्रत केल्यावाचून फळ मिळत नाही हेही ती बजावते. ‘ग्लोरी’तील प्रजेचे व्रत म्हणजे मृतांची नावे उच्चारणे. ते आधी घडते, उठाव नंतर येतो. हा क्रम लेखिकेने चुकविला नाही, यासाठी आम्ही तिचा शेवट, थोड्या नाखुषीने का होईना, मान्य करतो.

नहुष पडला तो अगस्त्यांच्या शापाने, ही गोष्ट खरी. पण त्याआधी कितीएक कोस ऋषींनी ती पालखी निमूटपणे वाहिली होती. ज्यांना आपण एकदा हार घातले त्यांचे दोष पाहण्यास आपले डोळे किती उशिरा उघडतात! भारतानेही मुगाबे यांचा सन्मान केला होता, आणि तेव्हा माताबेलेलँडातील माती अजून सुकली नव्हती. या कादंबरीने राजाची थट्टा केली ती आम्ही कदाचित विसरून जाऊ. भोयांना मात्र तिने जो प्रश्न विचारला आहे तो विसरता येणार नाही.