दौऱ्यावरचा गेम

अटारी 2600 वरच्या 'पॅक-मॅन'मधली भुतं लुकलुकतात. मूळ गेम 1980 चा, जपानच्या नामको कंपनीचा, आर्केडच्या खोक्यातला. त्यात पॅक-मॅन आणि चार भुतं एकाच वेळी पडद्यावर हिंडायची. 1982 साली तो अमेरिकेत घरच्या टीव्हीवर आला तेव्हा अडचण झाली. अटारीच्या यंत्रात अशा हलत्या आकृत्यांना जागा दोनच, आणि मेमरी 128 बाइट. टॉड फ्राय या प्रोग्रॅमरने तोड काढली: एक जागा पॅक-मॅनला, दुसरी चारही भुतांना पाळीपाळीने. चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने उमटतं, त्यातले पंधरा फेरे एकेका भुताच्या वाट्याला. म्हणून ती लुकलुक. लोकांनी त्या आवृत्तीची यथेच्छ टिंगल केली, अजूनही करतात. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी त्याच यंत्रावर 'मिस पॅक-मॅन' आला आणि तो कितीतरी उजवा निघाला. यंत्र तेच होतं. कॅसेटमधली चिप तेवढी 4 किलोबाइटच्या जागी 8 ची झाली होती, आणि आधीची फजिती सगळ्यांनी पाहिली होती.

एकच गेम अनेक यंत्रांवर नेण्याबद्दलची चर्चा आज 'ऑप्टिमायझेशन केलेलं नाही' एवढ्या एका शेऱ्यावर आटोपते. फ्रेम मोजायच्या, दोन चित्रं शेजारी ठेवायची, कुठलं धूसर ते सांगायचं, झालं. मोजमाप हवंच, पण धूसरपणा गेममध्ये कुठल्या दिवशी शिरला ते त्यातून कळत नाही.

तोकड्या जागेचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो, हे आपल्याकडच्या नाटकवाल्यांना सांगावं लागत नाही. नेपथ्य कागदावर काढतानाच डोक्यात दौऱ्याची बस असते. फ्लॅट किती उंच, घडी कुठे पडणार, टपावर काय जाणार. दादरच्या शिवाजी मंदिरात जे उभं राहतं ते तालुक्याच्या गावच्या बुटक्या रंगमंचावरही उभं राहायला हवं. बसचा विचार ज्याला शुभारंभाच्या प्रयोगानंतर सुचला, त्याला करवत घेऊन बसावं लागतं.

'सायबरपंक 2077' हे त्या करवतीचं उदाहरण. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने डिसेंबर 2020 मध्ये तो पीसीबरोबरच प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या 2013 च्या कन्सोलवरही आणला. पीसीवर डोळे दिपवणारं शहर जुन्या कन्सोलवर अर्धवट उगवायचं, रस्ते ओसाड, माणसांच्या चेहऱ्यांवर तपशील उशिरा चढायचे. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. परत ठेवला तो जून 2021 मध्ये. कंपनीच्या सहसंस्थापकाने जानेवारीत दिलेली कबुली मला त्या सगळ्या गदारोळापेक्षा मोलाची वाटते: आधी पीसीवर भव्य दिसेल असं करायचं आणि मग कन्सोलसाठी खाली उतरवायचं असं ठरलं होतं, आणि ते काम किती अवघड याचा अंदाज चुकला. जुन्या कन्सोलच्या फिरत्या डिस्कवरून एवढं दाट शहर वेळेत वाचून होईना. म्हणजे खोट शेवटच्या महिन्यातली नव्हती, आराखड्यातली होती.

त्याच कंपनीचा 'विचर 3' मात्र माझ्या या मताला अडवतो. 2015 चा हा अवाढव्य गेम 2019 मध्ये निन्टेंडो स्विचवर गेला. प्लेस्टेशन 4 ची मेमरी 8 जीबी, या हातातल्या यंत्राची 4. गवत विरळ झालं, सावल्या ढोबळ झाल्या, चित्राचे कण मोठे झाले, पण पुरवण्यांसह सगळी कथा 32 जीबीच्या एका कार्डात बसली. करवत इथेही चाललीच, पण सेबर इंटरॅक्टिव्हच्या कसबी हातांत, आणि समोर आधीच पूर्ण झालेलं काम होतं. असं पोर्ट करणाऱ्यांची, म्हणजे गेम दुसऱ्या यंत्रावर नेणाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत तळाला असतात. समीक्षेत तर येतच नाहीत.

दुबळ्या यंत्राची सत्ता कुठवर पोहोचते ते 'बाल्डर्स गेट 3'मध्ये दिसलं. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने तो ऑगस्ट 2023 मध्ये पीसीवर आणि सप्टेंबरात प्लेस्टेशन 5 वर आणला. एक्सबॉक्सवाले डिसेंबरपर्यंत ताटकळले. कारण एकच सोय: एका टीव्हीसमोर बसून दोघांनी पडदा वाटून खेळायचं. एक खेळाडू शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला गेला की यंत्राला दोन्ही मोहल्ले, तिथली माणसं, दुकानं, भांडणं एकाच वेळी लक्षात ठेवावी लागतात. एक्सबॉक्स सिरीज एक्सकडे त्यासाठी 16 जीबी, स्वस्त सिरीज एसकडे 10. आणि मायक्रोसॉफ्टचा नियम असा, की दोन्हींवर सोयी सारख्याच हव्यात. शेवटी नियमाला मुरड घातली गेली आणि सिरीज एसवर गेम त्या सोयीविना आला. ती सोय तिथे पोहोचली एप्रिल 2025 मध्ये. स्वस्त यंत्र घेणाऱ्याची यात काहीच चूक नाही. त्याच्या खिशाला परवडलं ते त्याने घेतलं.

हा झाला मेमरीचा हिशेब. हातांचा वेगळाच. प्लेस्टेशनवर जपानमध्ये गोल म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नाही', पाश्चात्त्य देशांत नेमकं उलट. 2020 च्या प्लेस्टेशन 5 पासून सगळीकडे फुली म्हणजे 'हो' झालं. एक्सबॉक्सवर 'ए' हे बटण खाली, निन्टेंडोवर उजवीकडे. बोटांची सवय मोडली की माणूस सेव्ह करायला जातो आणि बाहेर पडतो. अक्षरांचंही तेच. 2006 च्या 'डेड रायझिंग'मधला मजकूर जुन्या टीव्हीवर वाचताच येत नसे.

मग गेमला आणि त्याच्या दुरुस्त्यांना पार करावी लागणारी कन्सोलवाल्यांची तपासणी. खेळता खेळता कंट्रोलरचा सेल संपला तर गेम थांबतो का, इथपर्यंत. तपासणीने खेळाडूचं भलं होतं, पण लहान स्टुडिओचा जीव जायचा. 2012 मध्ये 'फेझ' या गेमच्या दुरुस्तीतच दोष निघाला, काहींचे सेव्ह बिघडले. पुन्हा दुरुस्ती तपासणीला पाठवायची तर मायक्रोसॉफ्टला हजारो डॉलर शुल्क द्यावं लागणार म्हणून 'फेझ'च्या पॉलिट्रॉन स्टुडिओने तीच सदोष दुरुस्ती परत चढवली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ते शुल्क काढून टाकलं.

एकदा बनवा आणि कुठेही चालवा, असं युनिटीसारखी गेम बनवायची इंजिनं सांगतात, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने इन्स्टॉलमागे पैसे आकारायचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांना एका रात्रीत कळलं की आपली बस भाड्याची आहे. वर्षभराने तो निर्णय मागे घेतला गेला. आणि 'कुठेही'मध्ये देवनागरी नव्हतीच: तिथल्या नेहमीच्या मजकूर-साधनात 'किल्ला' लिहावं तर वेलांटी क-च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसायची आणि जोडाक्षर सुटायचं. मराठी मेनू हवा असला तर आधी तेवढ्यासाठीच वेगळी खटपट करावी लागायची.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' म्हणूनच मला पुन्हा पुन्हा आठवतो. 2017 मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नव्हते. गेम ऑगस्ट 2020 मध्ये आला तो आधी स्विचवर, म्हणजे त्या काळच्या कन्सोलमधल्या सर्वांत दुबळ्या यंत्रावर. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सला ऑक्टोबर उजाडला. लढाई काही ठिकाणी अडखळते, शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. पण कॅमेरा खेळाडूच्या हाती दिलेला नाही, त्यामुळे वाड्याची मागची बाजू कुणाला दिसणार नाही आणि रंगवावीही लागत नाही. कथेचे दुवे महागड्या चित्रफितींतून न सांगता सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितले आहेत. हे काटकसरीतून आलं की आवडीतून, खेळताना वेगळं काढता येत नाही. पिंगुळीचे ठाकर कलावंत पडदा, दिवा आणि चामड्याची पात्रं एवढ्यावर रामायण उभं करतात, गाव कुठलंही असो.