‘सोय’ आणि ‘जाता येणे’ : प्रेक्षागाराच्या सुगम्यतेविषयी एक टिपण

फुटबॉलच्या प्रेक्षागाराचे वर्णन करावयाचे झाल्यास आपण प्रथम त्याची आसनसंख्या सांगतो. नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमचा परिचयही सुमारे ५५,००० प्रेक्षकांची जागा, २०१७ ची सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आणि २०२२ च्या मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना, अशा तपशिलांनी करून दिला जातो. किती माणसे बसतील हे त्यावरून कळते. कोणास तेथवर पोचता येईल, हे कळत नाही. क्रीडागारांच्या वर्णनांत या प्रश्नाचा उल्लेख आलाच, तर तो बहुधा ‘अपंगांसाठी स्वतंत्र सोय आहे’ एवढ्या वाक्यात आटोपतो. त्या वाक्याचेच परीक्षण येथे योजिले आहे.

मेळघाटात सिपना नदीकाठच्या सेमाडोह येथे कोरकू शब्दसंग्रहाचे काम करीत असता एका विद्यार्थ्याशी फुटबॉलविषयी बोलणे निघाले. पायांत बळ नसल्यामुळे तो तीनचाकी गाडी वापरीत असे. नेरूळच्या स्टेडियमविषयी ऐकून त्याने वऱ्हाडीत विचारले, “तठी मले जाता येईन का?” तेथे सोय आहे का, असे त्याने विचारले नाही. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे.

‘सोय आहे’ या वाक्यात कर्ता ‘सोय’ होय. माणूस ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययाच्या आश्रयाने येतो आणि ती सोय करणारा कोणी दाता गृहीत धरलेला असतो. ‘मला जाता येते’ या रचनेत माणूस चतुर्थीत असला, तरी वाक्याचा विषय तोच असतो. ‘मी जाऊ शकतो’ असे म्हटल्यास सामर्थ्य बहुधा बोलणाराच्या ठायी कल्पिले जाते. ‘मला जाता येते’ यात मात्र रस्ता, दार, जिना यांनाही वाव राहतो. जाता आले नाही, तर उणेपण जाणाराचेच असते असे नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमही याच विचारावर उभा आहे. शरीर, मन, बुद्धी वा इंद्रिये यांतील दीर्घकालीन न्यूनता आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून सहभागास बाध येतो, अशी त्याची मांडणी आहे. अडथळ्यांत तो बांधकामाबरोबर संज्ञापन, अर्थकारण आणि मनोवृत्ती यांचीही गणना करतो.

ही कसोटी प्रेक्षागारास लावून पाहावी. बारा हात लांबीत एक हाताहून अधिक चढ नसलेली उतरण बांधली, म्हणजे दार गाठता येते. परंतु गोल होताच पुढील रांग उठून उभी राहिली आणि चाकाच्या खुर्चीतील प्रेक्षकास केवळ पाठी दिसल्या, तर त्यास जाता आले, सामना पाहता आला नाही. अंध प्रेक्षकास सामन्याचे श्राव्य वर्णन हवे. बहिऱ्यास उद्घोषणा फलकावर दिसली पाहिजे. आणि मुंडा कुलातील कोरकू ज्याची मातृभाषा, त्यास चित्रखुणांवाचून दिशादर्शक पाटी मुकीच. ‘सुगम’ या शब्दात सहज जाता येणे आणि सहज समजणे हे दोन्ही अर्थ आहेत, ते उगाच नव्हेत.

शिवाय ‘स्टेडियम’ ज्या ग्रीक शब्दापासून आला, तो मूळचा अंतराच्या मापाचा. पुढे त्या अंतराची शर्यत आणि अखेर शर्यत पाहण्याची जागा असा अर्थविस्तार झाला. सेमाडोहच्या त्या मुलापुरता हा शब्द अद्याप पहिल्याच अर्थी उरला आहे. एस. टी.ची पायरी, फलाटाची उंची आणि सातशे किलोमीटरांहून अधिक वाट ओलांडल्यावरच प्रेक्षागाराची उतरण त्याच्या उपयोगी पडावयाची.

शब्द बदलल्याने उतरण बांधली जात नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, प्रश्न ज्या शब्दांत विचारावा, त्याच घाटाचे उत्तर मिळते. ‘सोय आहे का?’ यास एक कोपरा दाखवून ‘आहे’ म्हणता येते. ‘मले जाता येईन का?’ याचे उत्तर मात्र घरापासून आसनापर्यंत सारी वाट तपासल्यावाचून देता येत नाही. सेमाडोह येथे प्रस्तुत लेखकाला ते देता आले नाही.