क्ष-किरणांचा आरसा : एका तक्त्याविषयी

परवा एका शाळेत ‘क्ष-किरण दुर्बीण’ या मथळ्याचा तक्ता पाहिला. छपाई देखणी. पण आकृतीत किरण अंतर्वक्र आरशावर समोरून आदळतात आणि नाभीकडे परततात. जणू दाढीचाच आरसा! शरीर भेदणारे किरण इथे मुकाट्याने मागे कसे फिरतात, असा प्रश्न पडणाऱ्या मुलाला हा तक्ता गप्प करतो.

प्रत्यक्षात समोरून आलेले क्ष-किरण आरशात शोषले जातात किंवा आरपार जातात. पृष्ठभागाला जेमतेम चाटून गेले तरच ते परावर्तित होतात, हे कॉम्प्टन यांनी १९२३च्या सुमारास दाखवले. म्हणून खरा आरसा वाटीसारखा नसतो. तो दोन्ही तोंडे उघडी असलेल्या, किंचित निमुळत्या नळीसारखा असतो आणि किरण पुढेच जातात. नळी नुसती अन्वस्ताकार असली तर अक्षाबाजूच्या ताऱ्यांच्या प्रतिमा फिसकटतात. हान्स व्होल्टर यांनी १९५२ मध्ये तिला अपास्ताकार नळीची जोड सुचवली. (त्यांना हवा होता सूक्ष्मदर्शक!)

अशी नळी समोरून म्हणजे नुसती बारीक कड. किरण सापडणार किती? म्हणून एकात एक नळ्या बसवतात. ‘चंद्रा’त (१९९९) ४ जोड्या आहेत, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘ॲस्ट्रोसॅट’साठी (२०१५) केलेल्या दुर्बिणीत ४०. तिथे वक्राऐवजी साधे शंकू आहेत. प्रतिमा थोडी पसरते, पण पातळ पत्र्याचे हलके आरसे चालतात. ही तडजोडच खरी शिकवण्याजोगी, आणि तक्त्यात नेमकी तीच नाही.

तक्ता काढू नये. शेजारी फळ्यावर नळी काढावी आणि कोणती आकृती चुकली, ते मुलांनाच विचारावे.