एकमताची भाषा आणि हितसंबंधांची नोंद

क्रीडाक्षेत्रातील मस्तिष्काघातावरील ‘एकमत-निवेदने’ हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊन बसला आहे. व्हिएन्ना येथील २००१ च्या परिषदेपासून ही परंपरा सुरू झाली; प्राग, झुरिक, बर्लिन असा प्रवास करीत ती २०२२ साली ॲम्स्टरडॅमला पोहोचली. रग्बीच्या मैदानावर डोक्यास धक्का बसलेल्या खेळाडूस बाहेर केव्हा काढावे आणि पुन्हा केव्हा खेळू द्यावे, हे ठरविताना याच निवेदनांचा आधार घेतला जातो. परिषदांना द्रव्यसाहाय्य मात्र क्रीडासंघटनांचे. रग्बीची जागतिक संघटनाही त्यांत आहे. ही गोष्ट लपविलेली नाही. प्रश्न असा, की तिची नोंद केल्याने मूळ मजकुराच्या भाषेतील संदिग्धता दूर होते काय?

बर्लिन परिषदेच्या निवेदनातील (२०१७) एक विधान या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. वारंवार आघात सोसलेल्यांच्या मेंदूत मृत्यूनंतर आढळणारा ऱ्हासरोग, ज्यास सी.टी.ई. म्हणतात, त्याचा व खेळातील आघातांचा कार्यकारणसंबंध अद्याप दाखविला गेलेला नाही, असा त्याचा आशय. येथे प्रयोग कर्मणी असून कर्ता लुप्त आहे. कोणी दाखवावयाचा, कोणास, आणि किती पुराव्याने तो दाखविला असे मानले गेले असते? वाक्य मौन धरते. आपल्याकडील शास्त्रकारांनी नकाराचे दोन प्रकार मानले: प्रसज्यप्रतिषेध क्रियेस लागतो, पर्युदास नामास. बर्लिनचा नकार ‘दाखविणे’ या क्रियेचा आहे, ‘संबंधा’चा नव्हे. परंतु ज्यास तसे वाचणे सोयीचे, त्याला त्यातून ‘असंबंध’ सहज काढता येतो; आणि ज्यांच्या पैशावर परिषद भरते त्यांना ते सोयीचेच होते. अमेरिकेतील शासकीय मज्जाविकार-संशोधन संस्थेने २०२२ मध्ये पुनःपुन्हा होणारे आघात हे सी.टी.ई.चे अंशतः कारण असल्याचे मान्य केले.

त्याच वर्षी बर्लिन-निवेदनाचे प्रमुख लेखक पॉल मॅक्रोरी यांना वाङ्मयचौर्याच्या आरोपानंतर मंडळाचे अध्यक्षपद सोडावे लागले. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकाने त्यांचा २००५ चा एक संपादकीय लेख मागे घेतला. पुढे आणखी ९ लेख मागे घेतले व ३८ लेखांवर शंकेची टीप जोडली. २००५ मध्ये त्या नियतकालिकाचे संपादक तेच होते! चौर्याने निवेदनातील वैद्यक खोटे ठरत नाही, हे खरे. परंतु लेखक, संपादक व अध्यक्ष एकाच ठायी एकवटले असता ‘एकमत’ या शब्दाचा अर्थ किती उरतो?

रग्बीत मतभेद नव्हता असे नाही. मैदानालगतच्या पाच मिनिटांच्या तपासणीनंतर खेळाडूस परत पाठविण्याच्या प्रयोगाचा निषेध म्हणून डॉ. बॅरी ओड्रिस्कॉल यांनी २०१२ मध्ये संघटनेतील वैद्यकीय पदाचा राजीनामा दिला. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड-संघातील स्टीव्ह थॉम्प्सन यांना तो विजय आठवत नाही. अकाली स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या त्यांनी व इतर खेळाडूंनी २०२० मध्ये कायद्याचा मार्ग धरला.

ॲम्स्टरडॅम-निवेदनासोबत (२०२३) लेखकांचे हितसंबंध नोंदलेले आहेत. पण अशी यादी वाचून कोणते वाक्य कोणी सुचविले, कोणता शब्द कोणाच्या आग्रहाने सौम्य झाला, हे कळत नाही. प्राचीन ग्रंथांच्या संपादनात पाठभेद तळटीपेत द्यावे लागतात; या निवेदनांचे मसुदेही तसेच मागावयास हवेत.