‘आपण जिंकलो’ यातील आपण

खेळ हा साहित्याचा विषय नाही आणि चळवळीचा तर मुळीच नाही, असे मानणारे मित्र आपल्यात पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यापैकीच एक होतो. महाविद्यालयात असताना एका शिबिरात मी क्रिकेटवर बोललो होतो. सामन्याला टाळ्या वाजवणारा दलित तरुण आपल्याच गुलामगिरीला टाळ्या वाजवीत असतो, असे माझे वाक्य होते. त्या वाक्यालाही टाळ्या पडल्या. ते वाक्य आज मी जाहीरपणे मागे घेतो. ते मागे घेण्यास मला भाग पाडणारे कोणी विचारवंत नव्हते. ते माझे मामा होते.

मामा अंबड तालुक्यातील अंकुशनगरला राहत. ही साखर कारखान्याची वसाहत. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात, उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि हवेत मळीचा वास भरून राहतो. मामा गाड्या भरायला जात. त्या कामातून उरलेला सगळा जीव त्यांनी खेळांना दिलेला होता. जत्रेतल्या कुस्त्या, कबड्डी, रेडिओवरची हॉकी, क्रिकेट, त्यांना काहीच वर्ज्य नव्हते. त्यांचे वैरही ठरलेले असे. कबड्डीत मुंबईचा संघ हरावा, कुस्तीत मोठ्या तालमीच्या मल्लाला कोणी तरी अनोळखी पोराने चीत करावे, आणि क्रिकेटमध्ये फलंदाजापेक्षा गोलंदाजाचे चालावे. कारण विचारले तर म्हणत, “ज्याला पळावं लागतं त्याच्याकडनं म्या.”

या मामांचा एक इतिहास होता. तरुणपणी ते आमच्या आजोळच्या गावाच्या कबड्डी संघात होते. चढाईला त्यांच्यासारखा गडी आसपास नव्हता. १९७८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या चढायांवर गावाने एक स्पर्धा जिंकली, आणि गावच्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत आणले. वेशीपासून पुढे ते चालत वस्तीत आले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय घडले हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्या वस्तीवर जो जमाव आला त्यातले काही आवाज मामांनी ओळखले. चढाईच्या वेळी हेच आवाज त्यांच्या नावाने घुमत असत.

या माणसाने खेळाकडे पाठ फिरवायला हवी होती, असे मला वाटे. त्यांनी फिरवली नाही. का नाही, हे मी त्यांना १३ मार्च १९९६ च्या रात्री विचारले. त्या दिवशी विश्वचषकाचा उपांत्य सामना कोलकात्याला होता. वसाहतीजवळच्या एका घरात टीव्ही होता. आत ज्यांना जागा होती ते आत बसले होते, आम्ही खिडकीबाहेर उभे होतो. श्रीलंकेच्या अरविंद डिसिल्व्हाने चौकार मारले तेव्हा मामांनी टाळ्या वाजवल्या. आतून एकाने विचारले, “तू कुणीकडचा रे?” मामा म्हणाले, “चांगलं खेळला, म्हणून वाजवल्या.” पुढे भारताचे ८ गडी १२० धावांत बाद झाले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. दुपारपर्यंत ज्यांना लोक आपले म्हणत होते त्यांच्या आईबहिणीचा उद्धार आमच्या खिडकीतूनही बाहेर पडू लागला.

परत येताना मी विचारले, “मामा, ज्यांनी तुमचं घर जाळलं त्यांच्याच संगतीचा हा खेळ. तुम्हाला तो गोड कसा लागतो?”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाच्या, कबड्डीत शिवल्याबिगर गुण भेटत न्हाई. गावात शिवलं की मार भेटत होता. खेळ कोणता खरा म्हणायचा, तूच सांग. तू शिकलेला हाईस.”

मला उत्तर आले नाही. आपल्या भाषेत लहान मुलांच्या एका खेळाचे नाव ‘शिवाशिवी’ आहे, आणि ज्या प्रथेने आपल्या पिढ्या चिरडल्या तिचे नावही जवळजवळ तेच आहे. एकीत शिवणे हा गुण, दुसरीत तो गुन्हा. मामांचे खेळावरचे प्रेम हे भान हरपलेल्या माणसाचे प्रेम नव्हते. मैदानाचा नियम गावाच्या नियमापेक्षा न्याय्य आहे हे त्यांनी स्वतःच्या शरीराने अनुभवले होते. त्यांचे भांडण खेळाशी नव्हते, वेशीपाशी खांद्यावरून उतरवणाऱ्यांशी होते.

तेव्हा टीका करायची ती खेळाच्या वेडावर नाही. ती करायची ‘आपण जिंकलो’ या वाक्यातल्या ‘आपण’वर.

या ‘आपण’चा सगळ्यात जुना आणि स्पष्ट पुरावा म्हणजे पालवणकर बाळू. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम करी. साहेबांना सराव व्हावा म्हणून त्याने तासन्‌तास गोलंदाजी करायची. फलंदाजी करण्याची पाळी मात्र त्याच्यावर तेथे येऊ दिली गेली नाही. श्रम एकाने करावेत आणि फटका दुसऱ्याने मारावा, ही विभागणी आपल्याला नवी नाही. पुढे इंग्रजांना हरवायचे म्हणून हिंदूंच्या क्लबाने बाळूंना घेतले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चेंडू चामड्याचा, पण त्याचा विटाळ होत नसे. चहाच्या वेळी मात्र बाकीच्यांना आत चिनी मातीचे कप, आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायचे मातीचे भांडे. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. ज्यांना देवळात जाता येत नव्हते त्यांनी ‘हिंदूं’ना विजय मिळवून दिला. तरीही कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये पुण्यातील चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही कप्तानपदासाठी डावलण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. विद्रोहाचा इतिहास लिहिताना या नकाराची नोंद आपण किती वेळा केली? १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. हे औदार्याने दिलेले दान नव्हते, १९२० च्या नकाराचा त्यात मोठा वाटा होता.

प्रस्थापित कला या इतिहासाचे काय करते ते ‘लगान’ (२००१) या चित्रपटात दिसते. त्यातला कचरा हा अस्पृश्य फिरकी गोलंदाज. त्याची फिरकी मेहनतीची नाही, ती त्याच्या अधू हाताची किमया आहे. तो मैदानाच्या कडेला उभा असतो, नायकाला तो योगायोगाने सापडतो. गाव त्याला नाकारते तेव्हा त्याच्या बाजूने नायक बोलतो आणि तो ऐकत उभा राहतो. मामा जालन्याला जाऊन हा चित्रपट पाहून आले आणि एवढेच म्हणाले, “त्या कचऱ्याला बोलू का दिलं न्हाई?” यापेक्षा नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. बाळूंचे कौशल्य हजारो तासांच्या राबण्यातून आले होते आणि पालवणकर बंधूंनी स्वतःच्या तोंडाने जाब विचारला होता. चित्रपटाने श्रमाच्या जागी व्यंग ठेवले आणि निवेदनाच्या जागी मौन.

‘आपण’ची परीक्षा पराभवात होते. ३१ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ४ ऑगस्टला संघ अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ केल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने केली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटकही झाली. चार दिवसांत एक मुलगी देशाची लेक असण्यापासून जातीपर्यंत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानविरुद्धचा सामना हरल्यावर महंमद शमीच्या वाट्याला धर्म आला. मामांच्या वेशीची ही मोठी आवृत्ती होय.

येथवर माझ्याशी सगळे सहमत होतील. आता जे लिहितो आहे ते आपल्याविषयी आहे.

बाळूंनी १९३२ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला विरोध केला. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. त्या मतदारांत बाळूंच्या गोलंदाजीवर जीव टाकणारे, निदान तिच्या कथा ऐकत वाढलेले, अनेक असणार. मते देताना महार-चांभार हा भेदही काहींच्या मनात असणार, तो झाकण्यात अर्थ नाही. तरी ज्याने मैदानावर बाळूंसाठी टाळ्या वाजवल्या आणि मत बाबासाहेबांना दिले, असा एक तरी मतदार मी डोळ्यांपुढे आणतो. खेळाडूवर प्रेम करावे आणि राजकारणाचा निर्णय त्या प्रेमाच्या स्वाधीन करू नये, हे त्याला समजले होते.

आपल्याला ते समजले नाही. बाळू दुसऱ्या बाजूने उभे राहिले म्हणून त्यांना आपण आपल्या इतिहासाच्या बाहेर, मातीच्या भांड्यापाशी, उभे केले. त्यांच्या राजकारणावर टीका अवश्य करावी. मी करतो. परंतु १९०६ चे बळी आणि १९२० चा नकार त्या टीकेने पुसला जात नाही. आपल्या बाजूचा असेपर्यंत खांद्यावर आणि विरोधात गेला की वेशीबाहेर, हा जमावाचा न्याय आहे. मग तो जमाव कोणत्याही रंगाचा झेंडा घेऊन येवो.

विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत लिहिले. ‘बलुतं’ आले ते १९७८ साली. तीस वर्षे आधीचे हे पुस्तक दलित आत्मकथनांच्या चर्चेत मी कधी ऐकले नाही. ते आपल्या व्याख्येत बसते की नाही हा वाद जरूर व्हावा, पण वाद करण्यासाठी तरी ते वाचावे लागेल. शिक्षक मित्रांनी ते शोधावे, विद्यार्थ्यांनी त्यावर लिहावे. आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतल्या जुन्या कबड्डीपटूंना, मल्लांना गाठून त्यांचे बोलणे उतरवून घ्यावे. वर्तमानपत्रांनी ते टिपलेले नाही.

माझ्या मामांचे मीही उतरवून घेतले नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या पेटीत १९७८ च्या त्या संघाचा एक फोटो सापडला. सात गडी ओळीने उभे आहेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. मामा मधोमध आहेत. फोटो त्यांनी फाडला नव्हता.