१:८३४ हा आकडा नेमकं काय मोजतो?

सार्वजनिक आरोग्य हा विषय घेतलेल्या कोणाचाही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या दोन पानांत एक विधान बहुतेक वेळा सापडतंच : भारतात डॉक्टर-लोकसंख्या प्रमाण १:८३४ आहे आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या १:१००० या निकषापेक्षा चांगलं आहे. पुढच्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं की खेड्यांत डॉक्टर मिळत नाहीत. दोन्ही विधानं शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात आणि लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. तुमची पेट झाली असेल, आता आरआरसीसमोर जायचं असेल, तर हे खटकलं पाहिजे. तिथे कोणीतरी विचारणारच : हा आकडा आला कुठून?

आला तो संसदेतल्या उत्तरातून. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की जून २०२२ पर्यंत राज्य वैद्यकीय परिषदा आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे १३,०८,००९ ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद होती. त्यातले ८० टक्के उपलब्ध आहेत असं धरलं, ५.६५ लाख आयुष डॉक्टर मिळवले, आणि उत्तर आलं १:८३४. मंत्रालयाने गृहीतक लपवलेलं नाही, हे मान्य करायला हवं. ते गाळलं आपण, उद्धृत करणाऱ्यांनी.

आता कॅल्क्युलेटर घ्या. १३.०८ लाखांचे ८० टक्के म्हणजे सुमारे १०.४६ लाख. त्यात ५.६५ मिळवा, १६.११ लाख. त्याला ८३४ ने गुणलं की लोकसंख्या येते साधारण १३४ कोटी. हिशोब जुळतो. आता आयुष बाजूला ठेवून तोच भागाकार करा. प्रमाण येतं १:१२८४ च्या आसपास. म्हणजे 'निकषापेक्षा चांगलं' हे अख्खं विधान त्या एका बेरजेवर उभं आहे. आयुष डॉक्टर धरावेत की धरू नयेत हा वेगळा वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण धरलेत तर तसं लिहा.

माझा मुख्य आक्षेप मात्र त्या ८० टक्क्यांवर आहे. त्यासाठी नोंदणी म्हणजे काय ते बघावं लागेल. एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाली की तात्पुरती नोंदणी मिळते. वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप पूर्ण केली की कायम नोंदणी. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना २००२ पासून त्याआधी एफएमजीई ही चाळणी परीक्षा पास व्हावी लागते. हे सगळे प्रश्न एकाच जातीचे आहेत : या माणसाला रुग्ण तपासण्याचा कायदेशीर हक्क आहे का? नोंदवही त्याचं उत्तर चोख देते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ नुसार नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा ती वही त्या कामासाठी नीट असलीच पाहिजे.

पण हक्क असणं वेगळं आणि सोमवारी सकाळी ओपीडीत बसलेलं असणं वेगळं. वहीत नाव चढायला कागदपत्रं लागतात, शपथपत्र लागतं, फी लागते. उतरायला मात्र कोणीतरी येऊन सांगावं लागतं. डॉक्टर वारले, इंग्लंडला स्थायिक झाले, लग्नानंतर प्रॅक्टिस सोडली, यूपीएससी पास होऊन कलेक्टर झाले, तरी नाव आपोआप जात नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट दाखवावे लागतात, म्हणून इथे थोडी तरी चाळण आहे. सगळ्या राज्यांत नियम असा एकसारखा नव्हता. अशा वेगवेगळ्या वह्यांची बेरीज करून तिच्यावर सरसकट ८० टक्क्यांचा शिक्का मारायचा, याला मी अंदाज म्हणायलाही कचरतो. अंदाजाला काहीतरी आधार सांगावा लागतो. तो त्या उत्तरात नाही.

दुसऱ्या बाजूने मोजलेलं काम उपलब्ध आहे. अनुप करण आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा 'ह्युमन रिसोर्सेस फॉर हेल्थ' मधला लेख जरूर वाचा. नोंदींवरून त्यांना ॲलोपॅथी डॉक्टरांचा साठा ११.६ लाख दिसला. पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात, म्हणजे घरोघर जाऊन 'तुम्ही काय काम करता' असं विचारल्यावर, काम करणारे निघाले सुमारे ८ लाख. भागून बघा, ८० च्या जागी ६९ टक्के येतात. सर्वेक्षणालाही मर्यादा आहेत : नमुना लहान, आणि सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास. तरी माझ्या मते तुमच्या प्रश्नाला हाच आकडा जास्त जवळचा आहे, कारण तो काम मोजतो, हक्क नाही.

आता एक सूक्ष्म गंमत. नंतरच्या उत्तरांत प्रमाण १:८११ झालं. १३.८६ लाख ॲलोपॅथी, ७.५१ लाख आयुष, आणि या वेळी 'दोन्ही पद्धतींतले ८० टक्के उपलब्ध' असं धरलेलं. आधीच्या उत्तरात ५.६५ लाख अख्खे मिळवले होते. ते आधीच ८० टक्क्यांवर आणलेले होते की पूर्ण संख्या होती, हे त्या वाक्यावरून ठरवताच येत नाही. पूर्ण असतील, तर नव्या पद्धतीने जुनं प्रमाण १:८९७ च्या जवळ जातं. मग सुधारणा २३ ची की ८६ ची? दोन बिंदू जोडून 'वाढता आलेख' काढणाऱ्यांनी इथे थांबावं.

महाराष्ट्रात तर अजून एक गुंता आहे. २०१४ च्या दुरुस्तीने, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ठरावीक ॲलोपॅथी औषधं देण्याची वाट मोकळी केली. २०२५ मध्ये त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे घ्यायची ठरल्यावर ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. त्या वादात कोण बरोबर हे सोडा. तुमच्यापुढचा प्रश्न साधा आहे : ही माणसं आयुषच्या वहीतही आहेत. दोन्ही वह्यांची बेरीज केलीत तर ती एकदा मोजली जातील की दोनदा?

आणि तो १:१००० चा निकष. त्याचा मूळ दस्तऐवज शोधा, बातमी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालातला उंबरठा हजारी २.२८ आहे, आणि तो डॉक्टर, परिचारिका, सुईणी मिळून. नुसत्या डॉक्टरांचा नाही.

खेड्यांबद्दल लिहायचं असेल तर नोंदवही जवळपास निरुपयोगी. तिच्यातला पत्ता डॉक्टरने परिषदेला कळवलेला असतो. पुण्याचा पत्ता देऊन कोणी गडचिरोलीत काम करत असेल, उलटही असेल. जिल्हानिहाय नकाशे त्यावरून रंगवू नका, कितीही सुंदर दिसले तरी. प्राथमिक आरोग्य केंद्रांतली २०२१-२२ पर्यंतची मंजूर आणि भरलेली पदं केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत मिळतात, सुरुवात तिथून करा. खासगी दवाखाने त्यात येत नाहीत, हेही लगेच लिहून टाका.

राज्य परिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर 'राज्यात डॉक्टर किती' असं विचारू नका, परत तीच बेरीज हातात पडेल. गेल्या पाच वर्षांत नूतनीकरण झालेल्या नोंदण्या किती, त्याच काळात मृत्यूमुळे किती नावं कमी केली, आणि दुसऱ्या राज्यात जाण्यासाठी किती ना हरकत प्रमाणपत्रं दिली, वर्षनिहाय, असं विचारा. अर्जाची फी दहा रुपये आहे.