‘खुर्दा’ आणि ‘बुणगे’ : पानिपतच्या मृतसंख्येची भाषा

लष्करी इतिहासातील अत्यंत संहारक दिवसांची गणना करताना १४ जानेवारी १७६१ हा दिवस वगळता येत नाही. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत नेमके किती मेले, याविषयी काही दशसहस्रांपासून लाखापर्यंतचे आकडे दिले जातात. प्रस्तुत टिपणात या आकड्यांची नव्हे, तर ते ज्या शब्दांतून आपणापर्यंत आले त्या शब्दांची परीक्षा करावयाची आहे. कारण मोजण्यापूर्वी कोणाला मोजावयाचे हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय शब्दांतच झालेला असतो.

पहिला पुरावा काशीराज पंडिताचा. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि लढाई त्याने जवळून पाहिली. रणभूमीवर प्रेतांचे ३२ ढीग मोजले गेले व त्यांची बेरीज सुमारे २८,००० भरली, असे तो सांगतो. खंदकातील आणि सभोवारच्या रानातील प्रेते त्याखेरीज. येथे मोजण्याचे एकक ‘ढीग’ आहे. ढिगात शिलेदार कोणता आणि पाणक्या कोणता, हा भेद उरत नाही. म्हणूनच ही गणना कठोर असली तरी पक्षपाती नाही.

दुसरा पुरावा पेशव्यांपर्यंत पोचलेल्या सावकारी पत्राचा. ग्रँट डफ याने १८२६ मधील आपल्या इतिहासात तो नोंदविल्यापासून तो सर्वपरिचित आहे. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ ही दोन मोत्ये, नामांकित सरदार या सत्तावीस मोहरा आणि उरलेले सर्व म्हणजे बेहिशेबी खुर्दा, अशी त्याची सांकेतिक योजना आहे. या रूपकाच्या समर्पकतेचे कौतुक आपण नेहमी करतो. परंतु त्याची रचना पाहावी : किंमत जितकी अधिक, तितकी मोजणी काटेकोर. फारसी ‘खुर्द’ म्हणजे लहान. त्यावरून ‘खुर्दा’ म्हणजे सुटे, किरकोळ नाणे. जे संख्येने सर्वांत जास्त, त्यांचीच संख्या पत्रात नाही. गुप्ततेसाठी असे लिहिणे सावकाराला भाग होते. इतिहासलेखकाला तसे बंधन नाही.

‘बुणगे’ या शब्दाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. फारसी ‘बुनगाह’ म्हणजे सामानसुमान, ते ठेवण्याची जागा. मराठीत तो प्रथम लष्कराच्या सरंजामाला, मग त्या सरंजामाबरोबर चालणाऱ्या माणसांना आणि शेवटी निरुपयोगी माणसाला लावला गेला. सामानाचे नाव माणसांना चिकटले व त्याची शिवी झाली. ‘बुणग्यांच्या भारामुळे पराभव झाला’ हे वाक्य आपण आजही सहज लिहितो. त्या वाक्यातील ‘भार’ म्हणजे यात्रेकरू, स्त्रिया, मुले, व्यापारी व सेवक होते. एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेले नाना फडणीस या मोहिमेत होते. तीर्थयात्रेच्या हेतूने आलेल्या त्यांच्या मातोश्री या संहारात नाहीशा झाल्या. त्यांना कोणी बुणगे म्हणणार नाही, कारण त्या नानांच्या मातोश्री होत्या. इतरांना ती सोय नव्हती.

‘लाख बांगडी फुटली’ हा लोकवाणीतील प्रयोग या निर्जीव हिशेबाला मानवी उत्तर देतो, असे वाटते. येथे मोजणी घरी मागे राहिलेल्या स्त्रीच्या दुःखावरून होते, ही त्याची थोरवी खरीच. तथापि, छावणीत जी स्त्री स्वतःच मारली गेली किंवा गुलाम म्हणून नेली गेली, तिच्यासाठी कोणाची बांगडी फुटली? या करुण मापातही तिला जागा नाही. ‘पानिपत होणे’ या वाक्प्रचारात तर मृत्यूही उरलेला नाही. केवळ पराभव उरला आहे.

यावरून एक पद्धतिविषयक आग्रह धरावासा वाटतो. ‘लढाईत लाख माणसे पडली’ असे लिहिणे सोडून द्यावे. झुंजीत पडलेले, पळताना कापले गेलेले, धरल्यानंतर मारले गेलेले आणि त्यापूर्वी वेढ्यात उपासमारीने मेलेले, हे चार निरनिराळे वर्ग आहेत. त्यांना ‘पडले’ या एकाच क्रियापदाखाली आणल्याने कत्तलीला लढाईची प्रतिष्ठा मिळते. आकडे अनिश्चित राहतील, ते राहोत. क्रियापद निश्चित करणे मात्र आपल्या हाती आहे, आणि बुणग्यांना माणसे म्हणणेही.